मेमरी कार्ड खरेदी: नकली कार्डं, फुगवलेले आकडे आणि विक्रेत्यागणिक बदलणारा वेग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेमरी कार्डाबद्दल लोक विचारायला येतात ते बहुतेक वेळा फोटो गेल्यावर. तेव्हा सांगण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. कार्ड नवं असताना, परत करायची मुदत शिल्लक असताना हेच प्रश्न पडले तर बरंच काही वाचतं, म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

एकाच मॉडेलची दोन कार्डं दोन विक्रेत्यांकडून घेतली. एकावर लिहिण्याचा वेग दुसऱ्याच्या निम्माच येतो. ते कार्ड नकली समजायचं का?

लगेच नाही. आधी आपली मोजणी तपासायची, मग कार्डाची आवृत्ती, मग ते आधी वापरलेलं आहे का, आणि सगळ्यात शेवटी नकलीचा संशय घ्यायचा. हा क्रम मी एका चुकीतून शिकलो. अशाच दोन कार्डांपैकी एक उत्तम चाललं आणि दुसरं सेकंदाला ३५ एमबीच्या वर जाईना. मी विक्रेत्याला कडक शब्दांत लिहिलं आणि कार्ड परत पाठवलं. नंतर एकदा चांगलं कार्ड त्याच पोर्टला लावलं, तर तेही ३५ वरच अडकलं. संगणकाच्या मागच्या बाजूचं ते पोर्ट यूएसबी २.० होतं. कागदावर त्याचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० एमबी. प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी मिळतात. कार्डात काहीच दोष नव्हता. विक्रेत्याची माफी मागितली, पण एका प्रामाणिक माणसाला आपण उगाच चोर ठरवलं ही गोष्ट मनात राहिली आहे.

म्हणून आता तक्रार करण्याआधी मी अदलाबदल करून बघतो. तोच रीडर, तेच पोर्ट, तीच मोठी फाइल आणि दोन्ही कार्डं नुकतीच फॉरमॅट केलेली. दोन्ही एकापाठोपाठ किमान तीनदा मोजतो. कार्डाबरोबर आलेला मायक्रोएसडीचा अडॅप्टरही बदलून बघतो, कारण सैल अडॅप्टरमुळे संपर्क नीट न झाल्यास रीडर खालच्या वेगावर उतरतो. एवढं करूनही फरक राहिला, तर तो कार्डातला फरक.

खोक्यावर सेकंदाला १७० एमबी लिहिलंय. मला ९० च्या आसपासच मिळतात. फसवणूक झाली?

बहुतेक नाही, पण आकडा दिशाभूल करणारा आहे हे खरं. पहिली गोष्ट, मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा वाचनाचा असतो, लेखनाचा नाही. त्याच्या आधी बारीक टाइपात ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द असतो, म्हणजे तो कमाल आकडा आहे. लेखनाचा वेग मागच्या बाजूला असतो किंवा कुठेच नसतो.

दुसरी गोष्ट रीडरची. यूएचएस-वन या प्रकारच्या कार्डांची आणि रीडरची प्रमाणित कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यातून हाती ८५ ते ९५ लागतात. १६०, १७०, २०० असे आकडे छापणारे उत्पादक त्या मर्यादेपलीकडची स्वतःची पद्धत वापरतात. ती पद्धत समजणारा रीडर असेल तरच तो वेग मिळतो. कॅमेऱ्यात, ड्रोनमध्ये किंवा साध्या रीडरमध्ये तेच कार्ड ९० च्या घरात चालतं. १७० वालं आणि १०० वालं कार्ड तुमच्या कॅमेऱ्यात सारखंच वागत असेल, तर ते याचमुळे.

काही कार्डांवर ‘६३३ एक्स’, ‘१०६६ एक्स’ असंही लिहितात. जुन्या सीडी-रॉमचा मूळ वेग, सेकंदाला १५० केबी, हे त्यातलं माप. म्हणजे ६३३ एक्स साधारण ९५ एमबी आणि १०६६ एक्स साधारण १६० एमबी. इथेही आकडा वाचनाचाच.

मग कार्डावरच्या एवढ्या खुणांपैकी बघायचं काय?

खरेदीत मी सगळ्यात जास्त विश्वास याच खुणांवर ठेवतो, कारण त्या कमाल वेग सांगत नाहीत, किमान वेगाची हमी देतात. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १० असेल तर सलग लेखन सेकंदाला किमान १० एमबी. यू अक्षराच्या पोटात १ असेल तर तेही १०, आणि ३ असेल तर ३०. व्ही पुढचा आकडा थेट वाचायचा: व्ही३० म्हणजे किमान ३०, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०.

व्हिडिओवाल्यांनी एवढाच हिशेब करावा. कॅमेऱ्याच्या मेनूत किंवा माहितीपुस्तिकेत बिटरेट (चित्रीकरणाचा सेकंदाला लागणारा डेटा) मेगाबिटमध्ये दिलेला असतो, त्याला ८ ने भागायचं. १०० मेगाबिटचं फोर-के चित्रीकरण म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. व्ही३० कार्डाला ते सहज पेलतं. २०० मेगाबिट म्हणजे २५ एमबी, तरीही व्ही३० पुरतं. ४०० मेगाबिट म्हणजे ५० एमबी, तिथे व्ही६० लागतं. ‘फोर-के म्हणजे व्ही९०च घ्या’ हा सल्ला ऐकून लोक नाहक खर्च करतात. व्ही६० आणि व्ही९० कार्डं सहसा यूएचएस-टू प्रकारची असतात. त्यांच्या मागे संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असते, आणि कॅमेऱ्याच्या खाचेत ती ओळ नसेल तर कार्ड निमूटपणे जुन्या वेगावर चालतं.

फोनमध्ये किंवा छोट्या संगणकात ॲप किंवा अख्खी सिस्टिम चालवायची असेल तर ए१ आणि ए२ बघा. तिथे एक मोठी फाइल नसते, हजारो बारीक वाचन-लेखनं असतात. ए१ सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं करतं. ए२ चे आकडे ४००० आणि २००० आहेत. मात्र ए२ चा फायदा उपकरणाला आज्ञांची रांग लावता येत असेल तरच मिळतो. नसेल तर चांगलं ए१ कार्डही त्याच्या बरोबरीने चालतं.

मायक्रोएसडी एक्सप्रेस हा नवा, जास्त वेगवान प्रकार सध्या बहुतेकांना लागत नाही. ठळक अपवाद निन्टेंडो स्विच २ या गेम कन्सोलचा. त्यात खेळ साठवायला हेच कार्ड लागतं, जुनं मायक्रोएसडी चालत नाही. आणि हे महाग कार्ड साध्या रीडरमध्ये घातलं तर तेही यूएचएस-वनच्या वेगानेच चालतं.

सुरुवातीला वेग छान असतो आणि थोड्या वेळाने एकदम पडतो. का?

बहुतेक कार्डांत एका पेशीत तीन बिट साठवणारी फ्लॅश (साठवणुकीची चिप) असते, काहींत चार. असं दाटीवाटीने लिहायला वेळ लागतो. म्हणून अनेक कार्डं आपला काही भाग एका पेशीत एकच बिट अशा पद्धतीने, घाईच्या लेखनासाठी वापरतात. तो भरेपर्यंत वेग चढा असतो. भरला की खरा वेग दिसतो. उष्णतेनेही वेग उतरतो, विशेषतः बंदिस्त कॅमेऱ्यात लांब चित्रीकरण करताना. शिवाय संगणक फाइल आधी स्वतःच्या रॅममध्ये घेतो, त्यामुळे कॉपीच्या खिडकीतला पहिल्या काही सेकंदांचा आकडा फुगलेला असू शकतो.

एक जीबीची फाइल टाकून केलेली चाचणी म्हणूनच पुरेशी नाही. दोन विक्रेत्यांच्या कार्डांची तुलना करणारे पुष्कळदा इथेच चुकतात: एकाने छोटी फाइल मोजलेली असते आणि दुसऱ्याने मोठी.

नाव तेच, रंग तोच, उत्पादकही तोच. तरी आत वेगळा माल असू शकतो?

असू शकतो, आणि ग्राहक म्हणून मला याचीच जास्त चीड येते. नकली माल निदान बेकायदा तरी असतो. इथे सगळं नियमात बसवून केलेलं असतं.

उत्पादक छापील हमी पाळतो: यू३ म्हणजे ३०, तेवढं तो देतो. त्याच्या वर किती द्यायचं हे त्याच्या मर्जीवर. पहिल्या तुकडीत वेगवान चिप असतात, परीक्षणं लिहिली जातात, नाव होतं. मग चिप किंवा कंट्रोलर (कार्ड चालवणारा छोटा प्रोसेसर) बदलतो आणि लेखनाचा वेग ६० वरून ३५ वर आला तरी खोक्यावरचं काहीच खोटं ठरत नाही. काही मालिकांत उलटंही होतं: नाव तसंच ठेवून छापील वाचनवेग दर थोड्या वर्षांनी वाढवतात, आणि जुना माल एका विक्रेत्याकडे, नवा दुसऱ्याकडे, असं एकाच वेळी बाजारात दिसतं. विक्रेत्यागणिक वेग बदलतो याचं एक मोठं आणि निरुपद्रवी कारण हे आहे.

म्हणून नावापेक्षा मॉडेल क्रमांक जुळवा, शेवटच्या अक्षरापर्यंत. क्षमताही तीच असू द्या. ६४ जीबीचं कार्ड त्याच मालिकेतल्या २५६ जीबीच्या कार्डापेक्षा संथ असणं नेहमीचं आहे, कारण मोठ्या कार्डात एकाच वेळी लिहिता येतील असे चिपचे थर जास्त असतात. परीक्षणात मोजलेलं कार्ड २५६ चं होतं आणि तुम्ही ६४ चं घेतलं, तर तुलना जमणार नाही.

नकली कार्ड नेमकं काय करतं?

मेमरी कार्ड म्हणजे नुसती साठवणूक नाही. त्यात एक छोटा प्रोसेसर बसवलेला असतो आणि त्यावर एक प्रोग्राम चालतो. आपली क्षमता किती हे संगणकाला तोच सांगतो. २०१३ मध्ये केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात अँड्र्यू ‘बनी’ हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने हा प्रोसेसर बाहेरून नव्याने प्रोग्राम करून दाखवला होता. जे संशोधकाला जमतं ते नकली माल बनवणाऱ्यालाही जमतं. आत ८ जीबीची चिप असते, प्रोग्राम २५६ जीबी सांगतो, आणि संगणक मुकाट्याने मान्य करतो.

पहिले ८ जीबी सुरळीत जातात. पुढचं एकतर कुठेच लिहिलं जात नाही, किंवा फिरून पहिल्याच जागी लिहिलं जाऊन जुनं पुसलं जातं. कॉपी यशस्वी झाल्याचं दिसतं, फाइलींची नावं दिसतात, आकारही दिसतो. उघडायला गेलं की फोटो अर्धा राखाडी असतो किंवा व्हिडिओ सुरूच होत नाही. हे कळायला महिनेही लागतात, कारण रोजच्या वापरात कार्ड ८ जीबीपर्यंत भरलेलंच नसतं.

दुसरा प्रकार वेगाचा. क्षमता खरी असते, पण संथ, दर्जात न बसलेल्या चिपवर नामांकित कंपनीचं नाव आणि यू३, व्ही३० छापलेलं असतं. तिसरा प्रकार काढून घेतलेल्या जुन्या चिपचा. ही कार्डं चाचणीत पास होऊन चार महिन्यांत मरू शकतात. या तिसऱ्या प्रकारावर घरगुती उपाय नाही. तिथे विश्वासू विक्रेता आणि पावती एवढंच हाताशी असतं.

वेष्टन पाहून ओळखता येतं का?

कधी कधी. अस्पष्ट छपाई, चुकीची अक्षरं, कार्डावर एक क्षमता आणि खोक्यावर दुसरी, परस्परांत न बसणाऱ्या खुणा (एसडीएचसी लिहिलेलं १२८ जीबीचं कार्ड, जे असूच शकत नाही, कारण एसडीएचसी ३२ जीबीपर्यंतच असतं) दिसल्या तर कार्ड घेऊ नका. पण छपाई उत्तम आहे म्हणून कार्ड अस्सल आहे, असं उलट मानू नका. खोका छापणं सोपं असतं.

प्रत्येक कार्डात उत्पादकाचा संकेत, नाव, अनुक्रमांक आणि निर्मितीचा महिना-वर्ष अशी ओळख नोंदवलेली असते. यूएसबी रीडरमधून ती दिसत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या, कार्डाची खाच थेट जोडलेल्या यंत्रात, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात, ती वाचता येते. दोन विक्रेत्यांच्या ‘एकाच’ कार्डांत उत्पादकाचा संकेतच वेगळा निघाला, किंवा अनुक्रमांक शून्य किंवा एखादा फारच छोटा आकडा निघाला, तर संशयाला जागा आहे. ही नोंदही खोटी लिहिता येते, तरी फसवणारे अनेकदा तेवढे कष्ट घेत नाहीत.

नवं कार्ड तपासायचं कसं?

पूर्ण भरून आणि पूर्ण वाचून. दुसरी खात्रीची पद्धत मला माहीत नाही.

विंडोजसाठी एच२टेस्टडब्ल्यू हा जुना, छोटा, फुकट प्रोग्राम आहे. लिनक्स आणि मॅकसाठी एफ३ आहे. दोन्ही एकच काम करतात: ओळखता येईल असा डेटा लिहून कार्ड काठोकाठ भरतात, मग सगळा परत वाचून जुळवतात. शेवटी किती शाबूत आहे, किती हरवलं आणि लेखन-वाचनाचा सरासरी वेग काय, ते कळतं. म्हणजे अस्सलपणा आणि खरा टिकाऊ वेग, दोन्ही एकाच फेरीत. चाचणीआधी कार्ड रिकामं हवं.

वेळ लागतो, तो द्या. सेकंदाला ३० एमबीने १२८ जीबी लिहायला सव्वा तासाच्या आसपास लागतात, वाचायला आणखी पंचवीसेक मिनिटं. रात्री लावून झोपलात तरी चालेल, फक्त संगणक झोपणार नाही असं बघा. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरकायचंच, आणि निकालाच्या खिडकीचं चित्र काढून ठेवायचं. तक्रारीच्या वेळी ‘कार्ड हळू वाटतं’ यापेक्षा ‘२५६ पैकी फक्त ७.६ जीबी शाबूत’ हे वाक्य फार जोरकस ठरतं.

क्रिस्टलडिस्कमार्कसारख्या वेगमापक प्रोग्रामने नकली क्षमता सापडत नाही, कारण ते कार्डाचा छोटासा तुकडाच वापरतात. ते वेगाच्या झटपट तुलनेसाठी ठेवा.

१२८ जीबीचं कार्ड ११९ दाखवतंय. उरलेले ९ कुठे गेले?

कुठेही नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजून त्यालाही जीबीच म्हणतं. ६४ चं साधारण ५९.६, २५६ चं साधारण २३८ दिसेल. हे नकलीचं लक्षण नाही.

ऑनलाइन बाजारपेठेत कोणाकडून घ्यावं?

उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीतल्या विक्रेत्याकडून, किंवा बाजारपेठ स्वतः विकत असेल तर तिच्याकडून. वस्तूच्या पानावर ‘विक्रेता कोण’ आणि ‘पाठवणार कोण’ या दोन वेगळ्या ओळी असतात. पाठवणारी बाजारपेठ असली तरी माल दुसऱ्या कुणाचा असू शकतो. काही गोदामांत निरनिराळ्या विक्रेत्यांचा एकच माल एकत्र ठेवण्याची पद्धत राहिलेली आहे. तिथे चांगल्या विक्रेत्याच्या नावावर मागवलेलं कार्ड दुसऱ्याच्या पेटीतून येऊ शकतं. अशा वेळी नकली कार्ड आलं तरी त्या विक्रेत्याचा हात त्यात असेलच असं नाही.

अभिप्राय वाचताना ताऱ्यांच्या सरासरीकडे मी फारसं बघत नाही. बहुतेक लोक कार्ड मिळालं त्याच दिवशी तारे देतात, तेव्हा ते जेमतेम भरलेलं असतं. एक-दोन तारे देणाऱ्यांचं वाचा आणि त्यांनी पूर्ण चाचणी केली आहे का ते बघा. एकाच पानावर वेगवेगळ्या क्षमतांचे, कधी वेगवेगळ्या वस्तूंचेही अभिप्राय मिसळलेले असतात, तेही पाहून घ्या. आणि एसडीएक्ससीची (३२ जीबीच्या वरच्या कार्डांच्या प्रकाराची) मर्यादाच २ टीबी असताना कुणी ‘१६ टीबी’चं मायक्रोएसडी कवडीमोलाने विकत असेल, तर चाचणीचीही गरज नाही.

डॅशकॅम किंवा पाळतीच्या कॅमेऱ्याला कोणतंही वेगवान कार्ड चालेल?

तिथे वेग दुय्यम आहे. अशा कॅमेऱ्यात कार्ड दिवसरात्र पुन्हा पुन्हा पुसून लिहिलं जातं, आणि फ्लॅशच्या प्रत्येक पेशीला किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. ‘हाय एन्ड्युरन्स’ म्हणून विकली जाणारी कार्डं यासाठीच बनवलेली असतात. साध्या कार्डाच्या हमीपत्रात सततचं चित्रीकरण वगळलेलं असल्याचं अनेकदा दिसतं, ते विकत घेण्याआधी वाचा. आयुष्य संपत आलेलं कार्ड पुष्कळदा फक्त वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. कॅमेरा चालू दिसत असतो आणि नोंद मात्र जुनीच राहते. म्हणून महिन्यातून एकदा ताजी फाइल उघडून बघा.

फॉरमॅट केल्यावर वेग वाढतो का?

कधी कधी. वापरलेलं, तुकड्या-तुकड्यांनी भरलेलं कार्ड संथ होतं. एसडी कार्डांची मानकं ठरवणाऱ्या एसडी असोसिएशनचा स्वतःचा फुकट फॉरमॅटर आहे, तो वापरा, आणि शेवटी ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्यातच फॉरमॅट करा. नकली कार्ड मात्र कितीही वेळा फॉरमॅट केलं तरी अस्सल होत नाही.

चाचणीत कार्ड नापास झालं, पण त्यावर माझे फोटो आहेत. काय करू?

सगळ्यात आधी त्यावर काहीही लिहिणं थांबवा. नवा फोटो नको, फॉरमॅट नको, ‘दुरुस्त करू का’ असं संगणकाने विचारलं तर नाही म्हणा. एच२टेस्टडब्ल्यूसारखी चाचणी तर अशा कार्डावर मुळीच नको. ती मोकळी दिसणारी जागा भरते, आणि फिरून लिहिणाऱ्या कार्डात त्यानेच तुमचे शाबूत फोटो पुसले जातील. जे उघडतं ते दुसरीकडे कॉपी करा आणि प्रत्येक फाइल उघडून बघा, कारण नुसत्या नावावर आणि आकारावर इथे भरवसा ठेवता येत नाही. जे खऱ्या क्षमतेपलीकडे गेलं ते बहुधा कधी लिहिलंच गेलेलं नसतं, त्यामुळे कुठलाही रिकव्हरी प्रोग्राम ते आणू शकत नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला आधी हे कार्ड नकली क्षमतेचं आहे असं स्पष्ट सांगा.

फोटो सुरक्षित हलवल्यावर पावती आणि चाचणीचं चित्र जोडून परतफेड मागा, आणि मूळ कंपनीलाही अनुक्रमांक कळवा. विक्रेता म्हणाला की ‘कार्ड टाकून द्या, पैसे परत करतो’, तर पैसे आल्यावर त्या कार्डावर पक्क्या शाईने फुली मारा. ते तसंच खणात पडून राहिलं तर घरातलं कुणीतरी एक दिवस ते कॅमेऱ्यात घालेल.